रुंद टायरवरून अरुंद टायरवर

आपल्या गावातील एखाद्या सायकलच्या दुकानासमोर क्षणभर उभे राहून पाहा. तिथे मांडलेल्या बहुतेक सायकलींचे टायर जाड आणि खाचाखाचांचे असतात, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत स्प्रिंग बसवलेली असते आणि हँडल सरळ व रुंद असते. दुकानदार या सायकलीला ‘एमटीबी’ म्हणतात. माउंटन बाइक या नावाचे हे संक्षिप्त रूप. डोंगराशी काडीचा संबंध नसलेली माणसेही याच सायकलीवरून कामाला जातात आणि दळण आणतात. दुकानाच्या एखाद्या कोपऱ्यात, बहुधा भिंतीवर टांगलेली, आणखी एक सायकल दिसते. तिचे टायर गुळगुळीत आणि जेमतेम बोटभर रुंद असतात, हँडल एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते. ती रोड बाइक.

मी नऊ वर्षे पुण्यात माउंटन बाइक चालवली. घरापासून कार्यालयापर्यंत ११ किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे. चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुरेसा विचार न करता, मी रोड बाइक घेतली. ती हाती आल्यावर पहिल्याच सकाळी चार किलोमीटर जाऊन मी परत फिरलो. हँडल जणू स्वतःच्या मनाने वळत होते, मनगटे दुखत होती, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट दातांपर्यंत पोचत होता. पैसे वाया गेले, असे त्या दिवशी वाटले. ते तसे का वाटले, हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागले. या पाठात त्या वर्षात समजलेल्या गोष्टी मांडल्या आहेत.

प्रथम या दोन सायकलींचे कूळ पाहू. माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातील जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने भरधाव खाली सोडत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून त्याचा धूर होई, आणि पुढच्या फेरीआधी आस उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या उताराला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांच्यासारख्या लोकांनी याच कामासाठी वेगळ्या सायकली बांधल्या, आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या संख्येने तयार झालेली माउंटन बाइक बाजारात आली. माती, दगड, झाडांची मुळे यांच्यावरून जाताना स्वाराचे रक्षण करणे हे या सायकलीचे मूळ काम.

रोड बाइकचे कूळ युरोपातील शर्यतींचे आहे. फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली, आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर त्या शर्यतीत १९३७ पासून वापरता येऊ लागला. बांधलेल्या सडकेवरून, अंगातील बळाचा कमीत कमी अपव्यय करून लांबचा पल्ला गाठणे, एवढ्या एकाच हेतूने ही सायकल घडत गेली. महाराष्ट्रातही तिची ओळख नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक अनेकांनी पाहिले आहेत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा या सायकलीकडे वळणाऱ्यांचा उत्साह आणखी वाढला. मात्र शर्यत पाहून सायकल घेणारा माणूस आणि ती रोज चालवणारा माणूस यांच्या गरजा सारख्या नसतात.

आता टायरकडे येऊ, कारण दोन्ही सायकलींतील अर्धाअधिक फरक तिथेच आहे. समजा, स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो वजन आहे. त्यातील सुमारे ४५ किलो, म्हणजे १०० पौंड भार मागच्या चाकावर येतो. माउंटन बाइकच्या टायरमध्ये आपण ३० पौंड हवा भरतो. याचा खरा अर्थ असा, की आतील हवा टायरच्या प्रत्येक चौरस इंचावर ३० पौंडांचा दाब देते. १०० पौंडांचा भार पेलायला अशा टायरचा ३.३ चौरस इंच भाग जमिनीला टेकावा लागतो. रोड बाइकच्या टायरमध्ये ९० पौंड हवा असेल तर १.१ चौरस इंच पुरतो. म्हणजे सायकलीचे मागचे चाक रस्त्याला जिथे शिवते, ती जागा टपालाच्या एका मोठ्या तिकिटाएवढी असते. टायर फिरताना टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. त्या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. माउंटन बाइकच्या टायरवरील रबरी गुठळ्या मातीत रुततात आणि पकड देतात, पण डांबरावर त्या केवळ वाकतात आणि सरळ होतात. प्रत्येक गुठळीला वाकवण्याचे श्रम आपलेच पाय करीत असतात. सडकेवर माउंटन बाइक चालवताना येणारा ‘घर्र’ असा आवाज हा त्या श्रमांचाच आवाज आहे.

पुढच्या नळ्यांतील स्प्रिंगचेही असेच. खड्ड्यात ती धक्का गिळते, हे खरे. चढावर उभे राहून जोर लावला की मात्र तीच स्प्रिंग आपला जोर गिळते.

दुकानात गिऱ्हाईक बहुधा सायकल एका हाताने उचलून पाहते आणि हलकी म्हणून खूश होते. वजनाला इतके महत्त्व देणे मला पटत नाही. १५ किलोऐवजी १० किलोची सायकल घेतली आणि स्वार ६५ किलोचा असला, तर एकूण ओझे ८० वरून ७५ किलोवर येते. घाटात श्रमाची बचत होते ती साधारण सहा टक्के. सपाट रस्त्यावर ती जाणवतही नाही. सपाट रस्त्यावरचा खरा प्रतिस्पर्धी वेगळाच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी शक्ती आठपट होते. ताशी २० किलोमीटरवरून ३० वर जायचे असेल, तर केवळ हवा बाजूला सारण्यासाठी सुमारे ३.४ पट शक्ती लागते. या विरोधाचा मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. ताठ बसलेला माणूस वाऱ्याला छातीची अख्खी भिंत देतो. रोड बाइकचे हँडल खाली आणि पुढे असते ते शोभेसाठी नव्हे. ते स्वाराला वाकायला लावते आणि ती भिंत लहान करते.

येथे नवशिक्याची एक गफलत होते. वाकणे अवघड वाटते म्हणून तो हँडलचा वरचा सरळ भाग धरून ताठ बसतो, आणि मग म्हणतो की या सायकलीत काही विशेष नाही. माझे पहिले दोन महिने असेच गेले.

वास्तविक या हँडलवर हात ठेवण्याच्या तीन जागा असतात. वरचा सरळ भाग चढावर मोकळा श्वास घेण्यासाठी. पुढे ब्रेकच्या दांड्या जिथे बसवलेल्या असतात, तिथले रबरी उंचवटे ही रोजची जागा. बहुतेक वेळ हात तिथेच असावेत. खालचा वळलेला भाग जोराच्या वाऱ्यात किंवा लांब उतारावर उपयोगी पडतो, आणि तिथून ब्रेक दाबायला बोटांना अधिक जोर मिळतो. दर काही मिनिटांनी जागा बदलत राहावे. एकाच जागी तळव्यावर भार टाकून राहिले, तर मनगटाजवळून जाणारी नस दबते आणि करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कोपर ताठ ठेवले तरी हेच होते. कोपर किंचित वाकलेले हवेत. माउंटन बाइकमध्ये स्प्रिंग जे काम करीत होती, ते आता कोपरांनी करायचे असते. हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी पहिल्या दिवशी कळले असते की नाही, शंकाच आहे.

हँडल ‘स्वतःच्या मनाने’ वळण्याचेही कारण साधे आहे. माउंटन बाइकचे हँडल ७० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते, रोड बाइकचे ४० ते ४४. रुंद हँडलचे टोक बरेच हलवावे तेव्हा चाक थोडे वळते. अरुंद हँडलला तेवढ्याच हालचालीत चाक जास्त वळते. त्यातून नवशिक्या घाबरून मूठ आवळतो, आणि आवळलेली मूठ शरीराचा प्रत्येक थरथराट चाकापर्यंत पोचवते. मूठ सैल सोडा, सायकल सरळ जाते. आठ-दहा दिवसांत ही सवय लागते.

गिअरच्या बाबतीत मात्र थोडी आकडेमोड करावी, कारण इथे चूक झाली तर सायकल घेऊनही घाट चढता येत नाही. आपल्याकडच्या २१ गिअरच्या साध्या माउंटन बाइकला पुढचे सर्वांत लहान चक्र बहुधा २४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे २८ दात्यांचे असते. या जोडीवर पेडलचा एक फेरा पूर्ण केला की सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. रोड बाइकला पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रे व मागे ११ ते २८ अशी रचना असेल, तर सर्वांत हलक्या गिअरलाही एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते. म्हणजे घाटात प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ दीडपट जोर. कात्रजच्या जुन्या घाटात, ज्या वळणांवर मी माउंटन बाइकवरून गप्पा मारीत चढत असे, तिथे मला पहिल्यांदा उतरून सायकल हातात धरून चालावे लागले. त्यानंतर मी मागची चक्रे बदलून सर्वांत मोठे ३४ दात्यांचे बसवून घेतले. पुढे ३४ आणि मागे ३४ म्हटले की एका फेऱ्यात एक पूर्ण चाक, म्हणजे सुमारे २.१ मीटर. घाटाच्या प्रदेशात राहणाऱ्या नवशिक्याने नवी सायकल घेतानाच ही चक्रे मोजून घ्यावीत. दुकानदाराला त्यात वावगे वाटत नाही. साखळी सरकवणारी यंत्रणा तेवढे मोठे चक्र पेलते की नाही, हेही त्याच वेळी विचारावे.

दुसरी गोष्ट पायांच्या लयीची. जड गिअरवर हळूहळू पेडल रेटण्याची सवय आपल्याला काळ्या सायकलीपासून लागलेली आहे. मिनिटाला ५०-६० फेरे. त्यात गुडघ्यांवर ताण येतो. हलका गिअर लावून मिनिटाला ८० ते ९० फेरे फिरवले, तर स्नायू उशिरा थकतात आणि तो भार श्वासावर व हृदयावर वाटला जातो. यासाठी सीटची उंची नीट हवी. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. अशा उंचीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि त्याची भीती वाटते. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असते. हे मोकळ्या मैदानावर आधी करून पाहावे.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्याने मला ही सायकल खऱ्या अर्थाने शिकवली.

घेतल्यापासून तिसरा महिना होता. हात सरावले होते, वेग वाढला होता. त्याच श्रमांत पूर्वी ताशी २० किलोमीटर जात असे, आता २४ जात होतो, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. सकाळची वेळ, रोजचाच रस्ता. एका रिक्षाला वाट देण्यासाठी मी डावीकडे सरकलो. तिथे पावसाचे पाणी जाण्यासाठी लोखंडी जाळी होती. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमध्ये तीनेक सेंटिमीटरची फट होती. माझ्या पुढच्या टायरची रुंदी अडीच सेंटिमीटर. चाक त्या फटीत बसले, सायकल जागच्या जागी थांबली, आणि मी थांबलो नाही. डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. शिरस्त्राण फुटले; डोके फुटले नाही.

घरी बसून विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. नऊ वर्षे मी त्या जाळीवरून रोज दोनदा गेलो होतो, आणि ती तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हते. जाड टायरने ते मला कधी कळूच दिले नव्हते. माउंटन बाइक रस्त्याकडे लक्ष देण्याचे काम स्वतःकडे घेते. रोड बाइक ते काम स्वाराला परत करते. मी वेग विकत घेतला, पण त्या वेगासोबत आलेले हे काम स्वीकारले नव्हते.

हात बरा झाल्यावर मी नजरेची सवय बदलली. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते. धोका दिसणे, तो धोका आहे हे उमगणे आणि हात हलणे यांत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर टाळायला किंवा थांबायला आणखी वेळ हवा. म्हणून नजर चाकापुढे दोन हातांवर खिळवून चालत नाही, ती पंधरा-वीस मीटर पुढे असावी लागते. रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या फटी, सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधील सांधे, रेल्वेचे रूळ या गोष्टी अरुंद टायरच्या वैरी आहेत. रूळ तिरके ओलांडू नयेत. वेग कमी करून, चाक रुळाशी शक्य तितके काटकोनात ठेवून ओलांडावेत. वळणावर साचलेली वाळू, पावसात ओला झालेला पांढरा पट्टा आणि लोखंडी झाकणे यांवर ब्रेक लावू नये, तो आधीच लावून घ्यावा. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो कोणत्या हाताला आहे हे सायकल घेतानाच पाहून घ्यावे. तो अचानक आवळू नये, आणि त्याच वेळी अंग किंचित मागे घ्यावे.

हवेचेही लक्ष ठेवावे लागते. माउंटन बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. रोड बाइकचा व्हॉल्व्ह बारीक असून त्याच्या टोकावर छोटी चकती असते. ती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, आणि पंक्चरवाल्याकडचा पंप त्याला थेट बसत नाही. त्यासाठी पितळेची छोटी जोड मिळते. ती नेहमी खिशात असू द्यावी. अरुंद टायरमधील हवा लवकर उतरते. आठवड्यातून एकदा तरी मापकाने पाहावी. हवा कमी असताना खड्डा लागला, तर ट्यूब रिमच्या दोन कडा आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला सर्पदंशासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. मात्र टायर दगडासारखे कडक करण्यातही शहाणपण नाही. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारते आणि त्या उड्यांत शक्ती वाया जाते. शर्यतीत भाग घेणारेही एके काळी २३ मिलिमीटरचे टायर वापरत. आता २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात. आपल्या रस्त्यांसाठी मी तर २८ पेक्षा कमी घेऊच नये असे म्हणेन, आणि घेण्यापूर्वी सायकलीच्या सांगाड्यात व ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का ते पाहावे.

हे सारे वाचून कोणी विचारील, की मग ही सायकल घ्यावी की नाही? ज्याचा रोजचा प्रवास पाच-सहा किलोमीटरचा आहे, वाटेत कच्चा रस्ता आहे, मागे पिशवी किंवा मूल बसवायचे आहे, त्याने घेऊ नये. त्याने आपल्या माउंटन बाइकचे गुठळ्यांचे टायर काढून त्याच रिमवर बसणारे थोडे अरुंद, गुळगुळीत टायर घालावेत आणि टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी. पुढच्या स्प्रिंगला कुलूप असेल, तर सडकेवर ते लावून ठेवावे. एवढ्यावर होणारा फरक पाहून पुष्कळांचा नव्या सायकलीचा विचार मावळतो, आणि खर्च नव्या सायकलीच्या लहानशा अंशाएवढा येतो. ज्याला सुट्टीच्या दिवशी ५०-६० किलोमीटर जायचे आहे, डांबरी रस्ता बरा आहे आणि शिकायला दोन-तीन महिने द्यायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावी. घेताना रंगापेक्षा मापाकडे पाहावे. लहान-मोठ्या मापाची सायकल पुढे कितीही दुरुस्त केली तरी अंगाला लागत नाही. ओळखीच्या कोणाची तासभर चालवून पाहता आली तर उत्तम.

माझ्याकडे आज दोन्ही सायकली आहेत. जुन्या माउंटन बाइकला गुळगुळीत टायर घातले, मागे कॅरिअर बसवले. भाजी आणि दळण तिच्यावरून येते. जून उजाडून रस्त्यावर पाणी साचू लागले, की खड्डा किती खोल हे दिसेनासे होते. तेव्हा रोड बाइकची साखळी पुसून, तेल देऊन तिला भिंतीला टांगतो आणि दसऱ्याच्या सुमारास खाली काढतो. पहिल्या दिवशी हँडल अजूनही थोडे चंचल वाटते.